स्टेपनी न देणं कायद्यात बसतं, ‘आहे’ म्हणून न देणं बसत नाही

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये साडेनऊ लाखांची नवी गाडी घेतली. मे महिन्यात आईला घेऊन वर्ध्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरला परतताना, रात्री दहाच्या सुमारास टायर बाजूने फाटला. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! हवेचा छोटा पंप आणि पांढऱ्या औषधाची बाटली. बाटली अख्खी रिकामी केली, औषध भेगेतून बाहेर आलं. गाडी उचलून आणायला साडेचार हजार लागले. शोरूमवाले म्हणतात, आता कायद्यानेच स्टेपनी लागत नाही. पण बुकिंगच्या आधी मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, ‘स्टेपनी आहे ना?’ उत्तर आलं होतं, ‘हो सर, सगळं येते.’ दाद मागता येईल का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : येईल. पण कोणत्या मुद्द्यावर भांडायचं ते आधी ठरवा, कारण शोरूमवाले अर्धं खरं बोलताहेत.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. अट अशी, की टायर ट्यूबलेस हवेत, हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर इशारा देणारी यंत्रणा हवी आणि दुरुस्तीचा किट सोबत हवा. तिन्ही गोष्टी तुमच्या गाडीत आहेत का, ते स्वतः तपासा. इशाऱ्याची यंत्रणा नसेल तर शोरूमचा बचाव तिथेच कोसळतो. तिन्ही असतील तर ‘स्टेपनी दिली नाही’ एवढ्यावर तक्रार टिकणार नाही, आणि स्टेपनी नाही म्हणून रस्त्यात कुणी दंड मागितला तरी तुमची बाजू भक्कम आहे.

किट निकामी निघाला, हा मुद्दाही मी पुढे करणार नाही. खिळा रुतून टायरच्या तळव्याला बारीक भोक पडलं तर हे औषध ते बुजवतं. बाजूची भिंत फाटली तर कुठलाच किट चालत नाही. हे बहुधा गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तेच पान काढेल.

तुमचं खरं बळ त्या एका ओळीत आहे : ‘हो सर, सगळं येते.’ तुम्ही नेमकं विचारलं, त्यांनी होकार दिला, त्या भरवशावर तुम्ही पैसे भरले. माहितीपुस्तिका हातात आली ती पैसे भरून झाल्यावर. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे, आणि मालाबद्दल खोटं सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा. म्हातारी आई गाडीत, शेजारून शंभर-सव्वाशेच्या वेगाने गाड्या जाताहेत, अशा वेळी स्टेपनी म्हणजे केवळ एक जादा चाक नसतं. तक्रारीत ही रात्र सविस्तर लिहा. मानसिक त्रासाची भरपाई अशाच तपशिलांवर ठरते.

तो फोन फॉरमॅट करू नका, बदलूही नका. संवाद तारखेसह आणि समोरच्याच्या नंबरासह दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगापुढे पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोर नसतात, पण समोरच्याला आक्षेपाची फट कशाला ठेवायची? बुकिंग फॉर्म, कोटेशन, ब्रोशर आणि गाडी उचलून आणल्याची पावती काढून ठेवा. फाटलेला टायर अजून टाकला नसेल तर टाकू नका.

आधी शोरूम आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. नोटिशीची सक्ती नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मागणी बेताची ठेवा : रिम, टायर, जॅक, पान्यासह पूर्ण स्टेपनी किंवा तिची किंमत, साडेचार हजार, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च. गाडी परत घेऊन पूर्ण पैसे द्या, असं मागू नका. एवढ्या कारणावर ते मिळणं कठीण, आणि खरी मागणी त्यात दबून जाते. स्टेपनी मागण्याआधी डिकीत ती पक्की बसवायला जागा आहे का ते पाहा. जागा नसेल तर किंमतच मागा, कारण डिकीत सुटं ठेवलेलं चाक अपघातात जीवघेणं ठरू शकतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही नागपुरात राहता, एवढं अधिकारक्षेत्रासाठी पुरेसं आहे. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी फक्त २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची; ती मे महिन्यातल्या त्या रात्रीपासून न मोजता डिलिव्हरीच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे धोका नको.