आत्या गोधडीला हात लावतात तेव्हा

तुझी ही पहिलीच गोधडी, आणि तुझ्या माघारी आत्या तिच्यात टाक्यांच्या चार ओळी घालून ठेवतात, याचा राग येणं साहजिक आहे. पण ते टाके गुपचूप उसवू नकोस. त्यांना कळतंच, आणि मग गोधडी राहते बाजूला. सरळ सांग, "आत्या, ही पहिली आहे, वाकडीतिकडी झाली तरी माझ्याच हातची होऊ दे."

आणि त्यांना खरं काम दे. जुन्या लुगड्यांतलं कुठलं विरलंय, कुठलं अजून टिकेल, हे त्यांच्या बोटांना कळतं. उजेडाकडे धरून कसं बघायचं ते शिकून घे. शिवायचंच असेल तर त्यांना वेगळं दुपटं दे. एकाच गोधडीत दोन हात आले की एकीचा दोरा ताणलेला, दुसरीचा सैल, आणि कापड चुण्या धरतं.

तुझ्यासाठी सध्या एवढंच:
- पहिली गोधडी लहान, बाळाच्या मापाची.
- सगळे थर सुती, धुऊन वाळवलेले. सिंथेटिक साडी सरकते, ती नकोच.
- आधी लांब कच्चे टाके घालून थर पक्के कर. नवशिके नेमकं हेच टाळतात, मग मधे फुगा येतो.

टाका बारीक नसला तरी चालेल, सारखा हवा. ठिगळांची नक्षी पुढच्या गोधडीला बघू.