छंद-शंका : जीटी४०चे टायर तळाला चिकटले

प्रश्न : माझ्याकडे फोर्ड जीटी४० या शर्यतीच्या गाडीचं १:१८ मापाचं डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं) मॉडेल आहे, फिकट निळ्यावर नारिंगी पट्टा असलेलं. बरीच वर्षं ते बंद कपाटात होतं. आता टायर प्लॅस्टिकच्या तळाला चिकटलेत आणि दारांच्या कडेला बारीक फोड आलेत. काय करावं?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. टायर मऊ पीव्हीसीचे असतील, तर त्यांना मऊपणा देणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनच्या तळाला विरघळवतं. मॉडेल ओढू नका, अ‍ॅक्सल वाकतात. आधी तळाखालचे स्क्रू काढा, मग दात साफ करायचा धागा टायरखालून करवतीसारखा सावकाश फिरवा. टायरवरचा चिकट थर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन कापसाच्या बोळ्याने पुसा. थिनर किंवा स्पिरिट अजिबात नको, आकडे आणि पट्टे उडतील. पुन्हा मांडताना चेसिसखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) ठोकळे द्या, म्हणजे टायर अधांतरी राहतील. तेवढी सोय नसेल तर टायरखाली पॉलिएस्टर फिल्मचे तुकडे ठेवा.

फोडांचं निदान मात्र घाई न करता करा. खालचा धातू सपाट असेल आणि फक्त रंग उचलला गेला असेल, तर बहुधा रंगाला चिकटून राहिलेलं प्लॅस्टिकचं वेष्टन किंवा फोम आणि त्यात कोंडलेली ओल हे कारण. वेष्टन काढा, सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. फोड फोडू नका, पॉलिशही करू नका. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसत असतील, दार फुगून बसेनासं झालं असेल, तर जस्ताचा मिश्रधातूच आतून कुजतोय. ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली की असं होतं, आणि ओलीने ते वेगाने वाढतं. त्यावर इलाज नाही. शेजारच्या मॉडेलला मात्र त्याची लागण होत नाही, तेव्हा ते फेकायची गरज नाही. दर सहा महिन्यांनी एकाच कोनातून फोटो काढा. तडा वाढतोय का, ते त्यातच कळेल.

प्रश्न : याच रंगात ९ आणि ६ अशा दोन्ही क्रमांकांची मॉडेलं मिळतात. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली खरी कोणती?

उत्तर : दोन्ही! आणि गाडीही एकच, चेसिस क्रमांक १०७५. १९६८ साली ९ क्रमांक लावून पेद्रो रोद्रिगेझ आणि लुसियां बियांकी जिंकले, १९६९ साली ६ क्रमांकावर जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर. दारावर चालकांची नावं छापलेली असतील तर क्रमांकाशी ताडून पाहा. जुळत नसतील तर ते मॉडेल घेऊ नका.

प्रश्न : कपाटाचा कप्पा किती उंच हवा?

उत्तर : नावातले ४० म्हणजे गाडीची उंची इंचांत, सुमारे १०१६ मिमी. १:१८ मध्ये ती ५६ मिमी होते, १:४३ मध्ये जेमतेम २४. तळ, ठोकळे आणि हात घालायला जागा धरून १:१८ साठी १२० मिमीचा कप्पा पुरतो.