वय ३९, पाळी गेली. डॉक्टर एचआरटी (बाहेरून हार्मोन्स देणारे औषध) घे म्हणतात, घरचे नको म्हणतात. घ्यावी का? वजन वाढतं का?

घ्या.

सहा महिने पाळी नाही, एफएसएच (अंडाशयाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं हार्मोन) दोनदा वाढलेलं आलं, हे सगळं तुम्ही लिहिलंयत. पण 'घरचे म्हणतात हार्मोन्सने कॅन्सर होतो' हे वाचलं आणि मला राहवेना. याच वाक्यापायी माझी तीन वर्षं वाया गेली.

माझी पाळी ३७व्या वर्षी गेली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि ताईला फोन केला. तिथेच चुकलं. "निसर्गाने बंद केलंय ना, मग तू कशाला उकरून काढतेस?" ताईपुढे मी आजवर कधी बोललेय! चिठ्ठी पर्समध्येच घडीवर विरली. रात्री अंगातून वाफा निघायच्या, दोनदा गाऊन बदलायचा, उशी उलटून गार बाजूला गाल टेकायचा. म्हटलं, सोसू. हाडांचं मात्र काही जाणवतच नाही, सोसणार काय? चाळिशीत बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने कसं मोडलं म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केला. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे २.६. उणे २.५पासून ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) धरतात.

कॅन्सरची भीती पसरली ती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले तेव्हा. त्यातल्या बायका होत्या ५० ते ७९ वयाच्या, सरासरी ६३. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन अशी दोन्ही घेणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त निघाले. त्यांचा हिशोब तुम्हा-आम्हाला कसा लागू होईल? आपल्या वयात अंडाशयाने जे करायचं ते तो करत नाही, तेवढीच भरपाई आपण बाहेरून करतो. म्हणून साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायला सांगतात. हाडांसाठी आणि हृदयासाठीसुद्धा.

आणि ताई? वीस वर्षं रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिन घेते. ते काय आहे मग? हार्मोनच की! विचारलं तर म्हणाली, "ते वेगळं गं." कसं वेगळं, ते अजून सांगायचीच आहे.

मी एचआरटीचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावते, ओटीपोटावर, आठवड्यातून दोनदा. काढल्यावर डिंकाची काळपट चौकट उरते, तेलाचं बोट फिरवलं की निघते. गोळीपेक्षा पॅचमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथे कॅन्सरचा धोका खराच असतो.

हे आधी लिहायला हवं होतं: स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर माझं 'घ्या' धरू नका, डॉक्टरांना हे सांगून मगच ठरवा. शिवाय एचआरटी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. या वयात अंडाशय मधूनच जागा होतो, दिवसही राहू शकतात.

वजनाचं विचारलंत. माझं चार किलो वाढलं, पण हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा. पहिला पॅच त्यानंतर लावला. ताईला मात्र अजून ते पॅचमुळेच वाटतं.