‘विल’, ‘गोइंग टु’ की नुसतं ‘आयएनजी’? इंग्रजीत भविष्याबद्दल बोलताना कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा, की ‘आय विल गो’, ‘आय ॲम गोइंग टु गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ या तिन्हींचं मराठी ‘मी जाणार’ असंच होतं, मग कुठलं कधी वापरायचं?

मुळात मराठीत ते एकच होत नाही. ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’, ‘मी उद्या जातोय’, ‘गाडी सहाला सुटते’ ही चारही वाक्यं तुम्ही न अडखळता बोलता, आणि चौघांत क्रियापदाचा शेवट वेगळा आहे. इंग्रजी रूपं साधारण याच क्रमाने बसतात: ‘-ईन, -एल’ला विल, ‘-णार आहे’ला गोइंग टु, ‘-तोय’ला ॲम-इज-आर आणि आयएनजी, ‘सुटते’ला साधा वर्तमानकाळ. शाळेत ‘शॅल-विल म्हणजे भविष्यकाळ’ एवढंच पाठ होतं आणि हा कान वापरायचा राहून जातो. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचं रूप आहे, भविष्याचं स्वतःचं रूपच नाही. त्यामुळे प्रश्न ‘कधी’चा नसून ‘कितपत ठरलंय’चा असतो.

ऑफिसातला प्रसंग घ्या. साहेब म्हणाले, क्लायंटला बिल मिळालेलं नाही. तुम्हाला हे आत्ताच कळलं आणि तुम्ही जागच्या जागी ठरवलंत, तर ‘आयल (म्हणजे ‘आय विल’) सेंड इट राइट अवे’. तुमच्या डोक्यात ते आधीपासून होतंच, तर ‘आय ॲम गोइंग टु सेंड इट आफ्टर लंच’. क्लायंटशी बोलणं होऊन चारची वेळ ठरली असेल, तर ‘आय ॲम मीटिंग देम ॲट फोर’. दोनदा आठवण करून दिल्यावरही तुम्ही नुसतं ‘आय विल सेंड’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा विषय तुम्ही आत्ताच ऐकताय. व्याकरण चुकत नाही, पण कामाबद्दलचा ग्रह बिघडतो.

अंदाज बांधतानाही हाच भेद. पोराच्या हातातला पेला तिरका झालाय आणि दूध काठाशी आलंय, तेव्हा आपण ‘सांडणार ते!’ म्हणतो. पुरावा डोळ्यांसमोर आहे, म्हणून ‘इट्स गोइंग टु स्पिल’. नुसतं मत असेल, ‘मला वाटतं ती पास होईल’, तिथे ‘आय थिंक शील (शी विल) पास’. बोलण्यात पुष्कळदा दोन्ही चालतात, त्यावर फार जीव काढू नका.

आयएनजीच्या रूपाला दोन अटी आहेत. एक, कुणीतरी ती गोष्ट ठरवलेली हवी. पाऊस कुणी ठरवत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चुकीचं. दोन, नो, वाँट, बिलीव्ह अशी स्थिती सांगणारी क्रियापदं त्यात बसत नाहीत. ‘उद्या निकाल कळेल’ हे ‘आयल नो द रिझल्ट टुमॉरो’. साधा वर्तमानकाळ वेळापत्रक आणि कॅलेंडरासाठी: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’, ‘टुमॉरो इज अ हॉलिडे’.

आता मराठी कान दगा देतो त्या जागा. खऱ्या चुका इथेच होतात.

पहिली जागा म्हणजे आपलं ‘-तो, -ते’. मदत देऊ करताना आपण ‘थांबा, मी दार उघडतो’ म्हणतो, निरोप घेताना ‘उद्या फोन करते’ म्हणतो. याचं शब्दशः ‘आय ओपन द डोअर’, ‘आय कॉल यू टुमॉरो’ होतं आणि दोन्ही चुकतात. देऊ केलेली मदत, दिलेला शब्द, त्या क्षणी घेतलेला निर्णय, या तिन्हींना विलच लागतं: ‘आयल ओपन द डोअर’. आपलं ‘आलोच!’ तर चक्क भूतकाळी आहे. इंग्रजीत ते ‘आय ॲम कमिंग’.

दुसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. ‘तो येईल तेव्हा सांगेन’ याचं ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल’ होतं, आणि परीक्षेत हमखास याच वाक्यावर गुण जातात. व्हेन, इफ, आफ्टर, बिफोर, अंटिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या वेळेच्या किंवा अटीच्या भागात विल येत नाही. ‘व्हेन ही कम्स, आयल टेल यू.’ पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ मात्र बरोबर! नियम मोडला नाही, इथला व्हेन वेगळा आहे. मराठीत करून पाहा: व्हेनच्या जागी ‘तेव्हा’ किंवा ‘आला की’ बसत असेल तर साधा वर्तमानकाळ, ‘कधी’ बसत असेल तर विल. इफलाही हीच परीक्षा. ‘तर’ बसलं की ‘इफ इट रेन्स’, ‘की नाही’ बसलं की ‘आय डोन्ट नो इफ इट विल रेन’. ही एक कसोटी अंगवळणी पडली तर निम्म्या चुका आपोआप थांबतात.

तिसरी जागा ‘-पर्यंत’. ‘आपण स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी सुटलेली असेल’ हे ‘बाय द टाइम वी रीच द स्टेशन, द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. ‘-लेलं असेल’ ऐकू आलं की विल हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप, ‘-त असेन’ ऐकू आलं की विल बी आणि आयएनजी. गोंधळ ‘शुक्रवारपर्यंत’ या शब्दात आहे. काम त्याआधी एकदाच व्हायचं असेल तर ‘बाय फ्रायडे’, काम तोवर चालूच राहणार असेल तर ‘टिल फ्रायडे’. ‘आय विल सबमिट इट टिल फ्रायडे’ हे चूक आहे. सबमिट एकदाच होतं.

विल बीचा आणखी एक उपयोग नोकरीत फार कामाला येतो. ‘विल यू यूज द प्रोजेक्टर?’ हे ‘वापराल का?’ अशी विनंती वाटू शकतं. ‘विल यू बी यूझिंग द प्रोजेक्टर?’ म्हटलं की तुम्ही फक्त त्यांचा बेत विचारताय, गळ घालत नाही.

राहता राहिलं शॅल. ‘आय-वीला शॅल, बाकीच्यांना विल’ हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि तो अजून आपल्या गाइडांतून फिरतोय. आजच्या बोलण्यात ‘आय विल’ पूर्ण शुद्ध आहे. शॅल मुख्यतः आपल्या ‘-ऊ का?’साठी उरलंय: ‘मी खिडकी उघडू का?’ म्हणजे ‘शॅल आय ओपन द विंडो?’ तिथे ‘विल आय’ लावलं, तर स्वतःचंच भविष्य दुसऱ्याला विचारल्यासारखं होतं.