फ्रान्समधले द्राक्षमळे आणि कालव्याकाठची वाट: २८ मिमीची रोड बाइक चालेल का?

सप्टेंबरअखेरीस आठ दिवस हातात आहेत, बरगंडी करू की दक्षिण फ्रान्स, आणि पुण्याहून २८ मिमी टायरची रोड बाइक नेली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी 'कालव्याकाठी सगळं सपाटच असतं ना?' हेही जोडलंय. त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो.

सपाट असतं हो. दक्षिण फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी हा कालवा तुलूझपासून सेतजवळच्या खाजणापर्यंत २४० किमी जातो आणि त्यातली सगळ्यांत उंच जागा, नोरूझ, समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर आहे. पण चढ नाही म्हणजे वाट सोपी, हा हिशोब घाट चढणाऱ्यांचा. कालव्याकाठी पाय दमत नाहीत, मनगटं दमतात. आमच्या ग्रुपातले एक काका 'फ्रान्सला २८ पुरे' असं प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि दर वेळी आमची जुंपते. तेव्हा हे उत्तर निम्मं त्यांनाही आहे.

तुलूझ ते पोर-लोरागे हे पहिले ५० किमी गुळगुळीत डांबर आहे. तिथवर काका बरोबर. पुढे ओद जिल्हा लागला की खडी आणि माती सुरू होते आणि कार्कासोन, ट्रेब मागे टाकून मार्सेयेतच्या पुढे गेलात की खरी वाट दिसते. काही ठिकाणी ती हातभर रुंद आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला प्लेनची झाडं, म्हणजे आपल्या काश्मिरी चिनाराचे भाऊबंद. वरची माती धुपून गेल्यामुळे त्यांची मुळं वाटेवर आडवी उघडी पडली आहेत, कुठे अंगठ्याएवढी जाड, कुठे मनगटाएवढी. दहा-बारा मुळं लागोपाठ, मग जरा मोकळी जमीन, मग पुन्हा तेच.

२८ मिमीच्या टायरचं इथे काय होतं ते सांगतो. ट्यूब घालून ५ बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली तर सायकल प्रत्येक मुळावर उडते, चाक जमिनीवर टेकत नाही आणि वेग ताशी १० किमीवर येतो. कंटाळून हवा ३.५ बारवर आणली की मुळाची कड टायर दाबून थेट रिमला भिडते, ट्यूब मध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. स्नेक बाइट म्हणतात ते हेच. पॅच लावायचा तर दोन्ही भोकांवर मिळून एक मोठा लावा, छोटे दोन लावलेत तर मधली कड सुटते. मागच्या चाकावर सामानाचं वजन असल्यामुळे बहुतेक पंक्चरं मागेच होतात. म्हणजे जास्त हवा भरली तर हाल, कमी भरली तर पंक्चर, आणि या दोहोंच्या मधला आकडा २८ मध्ये सापडत नाही. हे भौतिकशास्त्र आहे, यात मताचा प्रश्नच येत नाही.

४० मिमी ट्यूबलेस घ्या. स्वार ७५ किलो आणि सामान १० किलो धरलं तर पुढे २.२ बार, मागे २.५ बार. ट्यूब घालणार असाल तर दोन्हीकडे ०.४ वाढवा. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, प्रत्येक चाकात ६० मिली, निघायच्या आदल्या आठवड्यात ताजं भरा, महिनोन्‌महिने पडून सुकलेलं नको. टायरची बाजू फाटली तर सीलंटचा उपयोग नाही. आतून लावायला जुन्या टायरचा ५ × ३ सेंमी तुकडा आणि एक ट्यूब जवळ ठेवा. डिरेल्युअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुमच्या फ्रेमचाच, एक जास्तीचा न्या. तो गावातल्या दुकानात मिळणार नाही, शिवाय रविवारी-सोमवारी बहुतेक दुकानं बंदच असतात.

मुळांवरून जाताना ढुंगण सीटवरून बोटभर उचला, कोपरं सैल ठेवा, एक गिअर जड टाका आणि चाक मुळाला काटकोनात न्या. मूळ तिरपं असेल आणि वर ओलं असेल तर चाक मुळाच्या दिशेने सरकतं, आणि तिथे सरकायला कालवाच आहे. ब्रेक मुळाच्या आधी मारा, मुळावर नको. कॅरिअरला लटकणाऱ्या मोठ्या पिशव्या इथे सतत आपटतात, फ्रेमच्या आतली आणि सीटखालची पिशवी बरी. बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे बोल्ट या थरथरीने सुटतात. निघण्याआधी निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावा आणि रोज संध्याकाळी ४ आणि ५ मिमीची ॲलन की एकदा सगळीकडे फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

फोटोत दिसणारी गर्द सावली सगळीकडे मिळेल असंही धरू नका. २००६ मध्ये इथल्या प्लेनवर एक बुरशी सापडली, तिच्यावर औषध नाही, त्यामुळे झाडं हजारोंनी तोडावी लागली. सालीच्या जखमेतून ती शिरते, म्हणून बोटींचे दोर झाडांना बांधायला बंदी आहे. (ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून युरोपात आली असं मानलं जातं.) नवी झाडं वेगळ्या जातींची आहेत आणि अजून लहान आहेत. तोडणी चालू असली की वाट बंद करून 'देव्हियासिओं'ची, म्हणजे पर्यायी वाटेची पाटी लावतात. ती मुकाट्याने पाळा.

आता मार्ग. अख्खा कालवा टोकापासून टोकापर्यंत करायचा हट्ट मला कळत नाही. १६६६ ते १६८१ मध्ये पिएर-पोल रिकेने तो मालवाहतुकीसाठी खोदवला, तुमच्या ॲपवरच्या रेषेसाठी नाही. कालवा कणा समजा आणि मळ्यांत चढा. पहिला दिवस तुलूझ ते कास्तेलनोदारी, ६५ किमी. दुसरा ट्रेबपर्यंत, ५३ किमी. तिसऱ्या दिवशी कालवा धरून ओंप्स, २७ किमी, आणि तिथे कालवा सोडून ओलोंझाकमार्गे मिनेर्व्हला चढा. मंगळवार असेल तर ओलोंझाकचा आठवडी बाजार गाठा. सेस आणि ब्रियां या दोन नद्यांच्या घळींमधल्या कड्यावर मिनेर्व्ह बसलंय. १२१० मध्ये सिमों द मोंफोर या क्रुसेडर सेनापतीने याच गावाला वेढा घातला होता. आजूबाजूला चुनखडीचं पठार, कारीन्यां, ग्रनाश आणि सिरा या द्राक्षांचे मळे, आणि खरी ग्रॅव्हल, म्हणजे खडीची वाट, इथे आहे. ४० दातांची पुढची चकती आणि मागे ४२ असेल तर सामानासह बसून चढता येतं. खाली उतरून ल सोमायला कालवा पुन्हा पकडा.

आर्जांपासून बेझिएच्या फोन्सेरानपर्यंत ५४ किमी एकही लॉक (बोटींना खाली-वर नेणारा पाण्याचा दरवाजा) नाही, म्हणून कालवा टेकड्यांना वळसे घालत जातो आणि अंतर फुगतं. घाई असेल तर मळ्यातल्या वाटेने वळसा छाटा. मालपासला कालवा बोगद्यातून जातो, सायकलची वाट वरून. तिथे थांबून आंसेरुनच्या टेकडीवर जरूर जा. खाली १२४७ मध्ये उपसलेलं मोंतादीचं तळं आहे, आता तिथे शेतं आहेत, चाकाच्या आऱ्यांसारखी मध्यबिंदूला मिळणारी.

दिशा तुलूझहून समुद्राकडेच ठेवा. ओदमध्ये सेर्स नावाचा वारा पश्चिमेकडून वाहतो आणि उलट दिशेने गेलात तर सपाटीवर घाट चढल्यासारखं वाटतं.

मळ्यांतल्या वाटा कोरड्या असतील तर उत्तम. पावसानंतर चिकणमाती टायरला थर धरते आणि चेनस्टेमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूच्या फ्रेमच्या नळ्यांमध्ये, अडकून चाक जाम करते, तेव्हा टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा हवी. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशात ट्रॅकटाइपचा (कच्च्या वाटेच्या दर्जाचा) ग्रेड ४ किंवा ५, म्हणजे मऊ मातीची वाट, दिसला की पावसाच्या दुसऱ्या दिवशी तो टाळा. सप्टेंबरात कापणी चालू असते, ट्रॅक्टरला वाट द्या, वेलींच्या ओळींत शिरू नका. शिकारही सुरू झालेली असते, अंगात भडक रंगाचं काहीतरी असू द्या. पाणी संपलं आणि गाव झोपलेलं असेल तर दफनभूमीत जा, तिथे नळ असतो. फक्त 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी नाही ना ते बघा.

बरगंडीचं राहिलंच. बोनहून पोमार, व्होलने, मर्सो करत सांतनेपर्यंत व्हुआ दे व्हिन्य (द्राक्षमळ्यांची वाट) हा साधारण २२ किमीचा मार्ग आहे, काँक्रीट आणि डांबरच जास्त, छोटे पण तीव्र चढ-उतार. पुढे शान्यीला कॅनाल द्यू सांत्र, मग शालों आणि झिव्हरी. झिव्हरी ते क्लुनी ४४ किमी जुन्या रेल्वेमार्गावरचं डांबर. क्लुनीच्या पुढे १.६ किमीचा बोगदा आहे, वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, सप्टेंबरात उघडा असतो. दिवा लागेल.

आणि हो, बरगंडीच्या या सगळ्या वाटांवर २८ मिमी आरामात चालते. काकांनी बरगंडीच केलीय. मिदीचा ओंप्सचा पट्टा त्यांनी पाहिलेलाच नाही, आणि मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय. ओदमध्येही ठिकठिकाणी वाट सुधारली आहे, त्यामुळे मी रंगवलं तेवढं सगळंच वाईट मिळणार नाही.

तुमच्या फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना किती मिमी जागा उरते ते मोजून लिहा. ४० नाही तरी निदान ३५ बसत असेल तर मिदी. नसेल तर बरगंडी, किंवा तुलूझला ग्रॅव्हल बाइक भाड्याने.