'लक्षणीय' फरक की 'सार्थ' फरक?

प्रश्न असा आलाय की काय-वर्ग चाचणीचा (chi-square, गटागटांतलं प्रमाण वेगळं आहे का हे तपासणारी संख्याशास्त्रातली चाचणी) निकाल मराठीत लिहिताना इंग्रजी 'significant' साठी 'गटांत लक्षणीय फरक आढळला' म्हणावं की 'सार्थ फरक आढळला', आणि पोस्ट-हॉकला, म्हणजे त्यानंतरच्या तपासणीला, काय म्हणायचं.

मी सरळ 'सार्थ'च्या बाजूने आहे. लिखाणात दोन्ही सापडतात, पण लक्षणीय हा आपला रोजचा शब्द आहे, लक्षणीय वाढ म्हटलं की डोळ्यात भरण्याएवढी वाढ असंच वाटतं ना, आणि चाचणी तर फरक मोठा की छोटा हे सांगतच नाही, ती एवढंच सांगते की गटांत मुळात फरक नसताच तर नुसत्या योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त तफावत दिसणं किती दुर्मीळ आहे. सॅम्पल प्रचंड असेल तर एका टक्क्याचा फरकसुद्धा सार्थ ठरू शकतो.

उलटंही होतं, आणि तिथेच हा शब्द जास्त फसवतो. समजा तीन गट, प्रत्येकात १०० जण, 'हो' म्हणणारे ६०, ४५ आणि ४०. काय-वर्ग येतो साधारण ८.६८, स्वातंत्र्यमात्रा (degrees of freedom, इथे गटांपेक्षा एक कमी) २, पी-व्हॅल्यू (योगायोगाने एवढी किंवा जास्त तफावत दिसण्याची वर सांगितलेली ती शक्यता) ०.०१३. नेहमीच्या ०.०५ च्या उंबरठ्याखाली, म्हणून सार्थ. आता बरेच जण इथे 'तिन्ही गट एकमेकांपासून वेगळे आहेत' असं लिहून मोकळे होतात, ते चूक आहे. 'एकमेकांपासून' म्हटलं की प्रत्येक जोडीबद्दल दावा झाला, आणि जोड्या तर अजून तपासल्याच नाहीत! इथपर्यंत एवढंच म्हणता येतं की तिन्ही गटांतलं प्रमाण सारखंच आहे हे मान्य करता येत नाही.

जोड्या तपासणं म्हणजेच पोस्ट-हॉक. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'यानंतर', म्हणून 'पश्चात तुलना' चालेल, पण मला 'जोडीनिहाय तुलना' जास्त आवडतो, वाचताक्षणी कळतो. (गटांऐवजी तक्त्यातली एकेक चौकट तपासली असेल तर मात्र तो चालणार नाही.) तीन जोड्या आहेत, आणि जास्त जोड्या तपासल्या की एखादी नुसत्या योगायोगाने सार्थ दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून बॉनफेरोनीच्या पद्धतीने ०.०५ ला ३ ने भागायचं, उंबरठा आला ०.०१६७. ६० आणि ४० ची पी-व्हॅल्यू ०.००५ च्या आसपास, सार्थ. ४५ आणि ४० ची ०.४७, प्रश्नच नाही. आणि ६० आणि ४५ ची? ०.०३४. म्हणजे १५ टक्क्यांचा फरक, बघणारा कुणीही लक्षणीय म्हणेल, आणि तरी तो सार्थ नाही! दोन वेगळे शब्द हाताशी नसतील तर हे वाक्य मराठीत लिहिणारच कसं?

अजून एक, या जोडीबद्दल 'फरक नाही' असं लिहू नका, 'सार्थ फरक आढळला नाही' लिहा. फरक असेलही, या ३०० जणांवरून तो ठामपणे दाखवता आला नाही इतकंच.

आणि हो, उच्चार 'काय'च, 'ची' नाही आणि 'चाय' तर नाहीच, ग्रीक अक्षराचा तो इंग्रजी उच्चार आहे. कार्ल पिअर्सनने १९०० साली ही चाचणी मांडली तेव्हापासून तेच अक्षर तिला चिकटलंय.