आजोबांच्या ट्रंकेतलं पितळी टोपण

प्रश्न : आजोबा तोफखान्यात होते. आमच्या देवळालीच्या घरी त्यांच्या ट्रंकेत पितळी, शंकूसारखी वस्तू सापडली. कड्यावर ० ते २२ आकडे, बाजूला ‘८०’, रोमन अंक, १९१६ आणि बाणाची खूण. हे काय? चिंचेने घासून शोकेसमध्ये ठेवू का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, आधी ती हातातून खाली ठेवा. वर्णनावरून हा ब्रिटिश ८० नंबरचा फ्यूज, म्हणजे तोफगोळा ठरल्या वेळी फोडणारं टोपण; पहिल्या महायुद्धात १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेल (आत छर्रे भरलेल्या) गोळ्याच्या टोकाला बसवायचा. रोमन अंक म्हणजे सुधारित आवृत्ती, बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. आकड्यांचं कडं फिरवून गोळा फुटायची वेळ लावत. आत दारू भरलेली खाच तेवढा वेळ जळत जाई. मूळ रचना क्रुप या तोफा बनवणाऱ्या जर्मन कंपनीची, म्हणून सुरुवातीच्या काहींवर क्रुपचीच अक्षरं दिसतात!

पण शंभर वर्षांनीही आतली दारू आणि ती पेटवणारी छोटी स्फोटक टोपी जिवंत असू शकते. बाहेरून ते कळत नाही, मलाही कळत नाही. मी तीस वर्षं अशा वस्तू जमवतोय, पण रिकामा असल्याची खात्री तज्ज्ञांनी दिल्याशिवाय एकही घरात आणलेला नाही. घासू नका, कडं फिरवू नका, स्कूटरवर घालून माझ्याकडे तर मुळीच आणू नका. खोली बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा. जाता जाता लांबूनच फोटो मिळाला, तर तेवढा मला पाठवा.